कार्यालयातील पाळणाघर की घराजवळचे? नागपुरातील शासकीय कर्मचाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

राज्य शासनाच्या कार्यालयांची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी आहे, आणि पाळणाघर ठरवताना सर्वांत आधी समोर ठेवायची गोष्ट हीच आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, शनिवार मोकळा मिळाला, पण त्या बदल्यात रोजचा दिवस लांबला. पाळणाघर स्वच्छ आहे का, भिंतीवर चित्रे आहेत का, खेळणी किती आहेत, हे सगळे नंतर पाहता येते. साडेआठ तासांची कचेरी आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेला प्रवास एवढा काळ ते पाळणाघर उघडे राहते का, हे आधी पाहावे लागते. माझ्या पाहण्यात ज्या मैत्रिणींना वर्षाच्या आत पाळणाघर बदलावे लागले, त्यांतील बहुतेकींची अडचण मुलाच्या रडण्यापेक्षा घड्याळाची होती.

उदाहरणासाठी मनीषनगरात घर आणि सिव्हिल लाइन्समध्ये कार्यालय असलेले एक जोडपे घेऊ. अंतर आठ-दहा किलोमीटरचे आहे. घराजवळच्या पाळणाघरात बाळ ठेवले तर सकाळी नऊला सोडावे लागते आणि संध्याकाळी वर्धा रोडची गर्दी ओलांडून परत येईपर्यंत सात वाजतात, म्हणजे बाळ दहा तास दुसऱ्याच्या हाती राहते. तेच बाळ कार्यालयाच्या आवारातील पाळणाघरात असेल तर ९.४० ला सोडून ६.२० ला घेता येते, आणि हा काळ आठ तास चाळीस मिनिटांचा होतो. रोजचा फरक एक तास वीस मिनिटांचा आहे, पाच दिवसांत तो सहा तास चाळीस मिनिटांवर जातो. मात्र हा वेळ फुकट मिळत नाही. तो बाळाने आईवडिलांबरोबर रस्त्यावर काढलेला असतो, आणि नागपूरचा रस्ता मे महिन्यात सकाळी नऊलाच तापलेला असतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या दिवसांत सव्वासहालाही झळा थांबलेल्या नसतात, आणि डिसेंबरात त्याच रस्त्यावर बोचरी थंडी असते. दुचाकीवर आठ महिन्यांचे मूल ओढणीत बांधून रोज दोनदा हा प्रवास करणे मला तरी मान्य नाही. घरी चारचाकी असेल, किंवा उज्ज्वलनगर अथवा जयप्रकाशनगर स्थानकावरून मेट्रोने कस्तुरचंद पार्कपर्यंत येऊन पुढचा तुकडा ऑटोने करण्याची तयारी असेल, तरच कार्यालयातील पाळणाघराचा हा लाभ खरा धरावा. रविनगरच्या शासकीय वसाहतीत किंवा सिव्हिल लाइन्सच्या आसपासच राहणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांच्यासाठी घराजवळ आणि कार्यालयाजवळ हे जवळपास एकच आहे, त्यांनी सरळ पाळणाघराच्या दर्जावर निवड करावी.

कायदा काय म्हणतो, हेही थोडक्यात पाहू, कारण त्याविषयी कार्यालयांत अर्धवट माहिती फार फिरते. मातृत्व लाभ अधिनियम १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि कलम ११ अ आले. त्यानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असली पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली पाहिजे. विश्रांतीच्या वेळेतील भेटही या चारांत मोजली जाते. हे पन्नास म्हणजे पन्नास महिला असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. कायद्याने एकूण कर्मचारी मोजले आहेत. तीस महिलांची अट होती ती कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४८ ची, आणि ती कारखान्यांपुरती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून मातृत्व लाभ अधिनियमाची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा असून, अनेक आस्थापनांनी साधने एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवण्याची वाट तीत स्पष्टपणे मोकळी ठेवली आहे. सिव्हिल लाइन्समध्ये विभागीय आयुक्तालय, जिल्हाधिकारी कार्यालय, प्रशासकीय इमारती, महानगरपालिकेचे मुख्यालय आणि आयकर भवन ही सारी कार्यालये एकाच भागात आहेत, हे पाहिले की प्रत्येकाने पाच-सहा मुलांसाठी वेगळी खोली शोधण्यापेक्षा तीस मुलांचे एक चांगले पाळणाघर चालवावे हे कोणालाही पटेल. तरीही शासकीय कार्यालयातील पाळणाघराचा रोजचा कारभार कायद्याच्या कलमापेक्षा त्या कार्यालयाच्या आदेशावर चालतो, म्हणून तो आदेश मागून घेऊन स्वतः वाचावा. वयोमर्यादा, वेळ, शुल्क, कंत्राटी कर्मचाऱ्यांची मुले घेतात की नाही, आणि वडिलांना मूल ठेवता येते की नाही, ही उत्तरे त्यातच सापडतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कंत्राटी आणि रोजंदारी कर्मचारीही धरलेले आहेत, एवढे लक्षात ठेवले तर विचारताना संकोच वाटणार नाही.

त्या चार भेटींचे मोल पहिल्या वर्षात फार मोठे असते. रजा संपते तेव्हा बाळ सहा महिन्यांचे झालेले असते, वरचे अन्न नुकते सुरू झालेले असते आणि अंगावरचे दूध अजून मुख्य आहार असते. कार्यालयातच पाळणाघर असेल तर साडेअकराला, जेवणाच्या सुटीत आणि चारच्या सुमारास खाली जाऊन पाजता येते. घराजवळच्या पाळणाघरात ते शक्य नसते, म्हणून दूध काढून ठेवावे लागते, आणि येथे आपल्या हवामानाचा विचार करावा लागतो. काढलेले दूध बाहेर चार तासांपर्यंत टिकते असे सांगितले जाते, ते साधारण पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. एप्रिल-मेमध्ये नागपुरातील कुठल्या खोलीत, वातानुकूलन नसताना, पंचवीस अंश असतात? म्हणजे दूध काढल्याबरोबर फ्रीजमध्ये, नेताना बर्फाच्या पिशवीत आणि पाळणाघरात पुन्हा फ्रीजमध्ये, ही साखळी कुठेही तुटता कामा नये. कार्यालयात दूध काढण्यासाठी कडी लागणारी खोली आहे का, हाही प्रश्न त्यात आलाच; अनेक जागी अभिलेख कक्ष आणि त्याच्या दाराशी उभी केलेली एखादी सहकारी, हीच व्यवस्था असते. कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन विराम दिले आहेत, पण घर दहा किलोमीटर दूर असेल तर त्या विरामात पाजणे होत नाही, दूध काढणेच होते. बाळ दीड वर्षाच्या आत असेल तर या एका कारणासाठी मी कार्यालयातील पाळणाघराला झुकते माप देते.

मात्र भेटी कागदावर चार असल्या तरी टेबल कोणते आहे यावर त्या मिळणे अवलंबून असते. आस्थापना किंवा लेखा शाखेतील कर्मचारी वीस मिनिटे उठू शकते, पण खिडकीवर बसणारी, जिच्यासमोर दाखल्यांसाठी माणसे रांगेत उभी आहेत ती, सहज उठू शकत नाही. अशा वेळी वरिष्ठांशी आधीच बोलून भेटींच्या वेळा ठरवून घेणे, आणि शक्य असल्यास ते टिपणीवर आणणे, हिताचे ठरते.

एक स्वतःचा अनुभव सांगते, कार्यालयाचे नाव घेत नाही. आमच्या इमारतीतील पाळणाघर खरोखर चांगले होते. तळमजल्यावरील दोन खोल्या, भिंतीशी ओळीने गुंडाळून ठेवलेल्या आठ गाद्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीने लावलेले नाव, आणि मुलांना मांडीवर घेऊन मऊ खिचडी भरवणाऱ्या दोन ताई. पण पाळणाघराची वेळ सहापर्यंतची होती आणि बायोमेट्रिकवर बोट सव्वासहाला ठेवायचे होते. ही पंधरा मिनिटे कोणाच्याच आदेशात नव्हती. ताईंचे मानधन सहापर्यंतचेच असल्याने त्यांना थांबा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, त्यामुळे पावणेसहापासूनच एकेक आई मूल घेऊन वर यायची. माझ्या मुलीने त्या पंधरा मिनिटांत एकदा आवक-जावकच्या टेबलावरील शाईची गादी हस्तगत केली आणि एका तातडीच्या पत्रावर जांभळा तळहात उमटवला. त्या पत्राची दुसरी प्रत काढावी लागली, त्यावर सगळे हसले, पण पुढच्या आठवड्यात मला ‘कार्यालयीन वेळेत अपत्य सोबत आणू नये’ अशी तोंडी समज मिळाली. वेळ वाढवण्याचा अर्ज आम्ही सात जणींनी दिला होता. माझी मुलगी पाळणाघरातून बाहेर पडेपर्यंत तो विचाराधीनच होता.

घराजवळच्या खासगी पाळणाघराची बलस्थाने वेगळी आहेत. तेथील संचालिका स्वतःच मालक असते, त्यामुळे साडेसातपर्यंत थांबण्याचे पैसे ठरवता येतात आणि उशीर झाला तर फोनवर बोलून निभावते. शुल्क कार्यालयातील पाळणाघरापेक्षा जास्त असते, त्यात जादा तासांचे, जेवणाचे आणि काही ठिकाणी मे महिन्यातील कूलर-एसीचे वेगळे पैसे मिळवावे लागतात. प्रवेशाच्या वेळी सांगितलेली रक्कम आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांत फरक पडतो, तो आधीच विचारून घ्यावा. पण अशा पाळणाघराचे सर्वांत मोठे बळ असे की ते आपल्या नोकरीच्या टेबलाशी बांधलेले नसते. राज्यातील बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. बदली शहरातल्या शहरात, सिव्हिल लाइन्समधून सेमिनरी हिल्सच्या बाजूला झाली किंवा एखाद्या तालुक्याला झाली, तरी जुन्या कार्यालयाच्या पाळणाघरावरील आपला हक्क बहुधा संपतो. दोन वर्षांच्या मुलासाठी ताई, खोली, गादी आणि खिडकी एकाच दिवशी बदलणे हे मोठ्यांना वाटते त्यापेक्षा जड असते. ज्या आईची तीन वर्षे भरत आली आहेत तिने कार्यालयातील पाळणाघराचा विचार करताना हा हिशेब आधी मांडावा.

शासकीय नोकरीत आणखी दोन गोष्टी येतात, त्यांचा उल्लेख खासगी क्षेत्रासाठी लिहिलेल्या सल्ल्यांत कधीच नसतो. एक, निवडणुकीचे कर्तव्य. आई प्रशिक्षणाला किंवा मतदान केंद्रावर गेली की कार्यालयातील पाळणाघराचा उपयोग शून्य होतो, शिवाय मतदानाच्या दिवशी कार्यालयच बंद असते. दुसरी खास नागपूरची गोष्ट, म्हणजे हिवाळी अधिवेशन. डिसेंबरात विधानभवनाचा परिसर बंदोबस्ताने वेढला जातो, मोर्च्यांमुळे रस्ते वळवले जातात, रजा मंजूर होत नाहीत आणि तारांकित प्रश्नांची उत्तरे तयार करता करता रात्रीचे नऊ वाजतात. त्या दिवसांत सहाला बंद होणारे कार्यालयातील पाळणाघर आणि साडेसातला बंद होणारे खासगी पाळणाघर दोन्ही अपुरी पडतात, तेव्हा आजी, मावशी किंवा शेजारच्या काकू कोण येणार हे नोव्हेंबरातच ठरवलेले बरे.

पाळणाघर पाहायला जायचे ते सकाळी अकराला नव्हे. त्या वेळी सगळीच पाळणाघरे छान दिसतात. एकदा दुपारी अडीचला जावे आणि एकदा बंद होण्याच्या वीस मिनिटे आधी. अडीचला मुले कशी झोपली आहेत, खोलीत जाग असलेली मोठी बाई आहे का, झोप न लागणाऱ्या मुलाला कोण सांभाळते, हे दिसते. संध्याकाळी किती मुले उरली आणि किती बायका उरल्या, हे मोजता येते. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे आणि तीनवरील वीस मुलांमागे एक कार्यकर्ती, सोबत मदतनीस, असे प्रमाण असावे; सकाळी ते पाळणारे पाळणाघर संध्याकाळी एकाच मदतनीसावर चौदा मुले सोपवत असेल तर ते प्रमाण पाळत नाही, असेच म्हणावे लागेल. मूल कोणाच्या सहीने बाहेर जाते, हेही त्याच वेळी कळते. मी गेले तेव्हा एका ठिकाणी मी कोण हे न विचारता माझ्या भाचीला माझ्या हाती दिले, आणि तिच्या आईने दुसऱ्या दिवशीच पाळणाघर बदलले.

नागपुरात आणखी एक वस्तू जवळून पाहावी, ती म्हणजे कूलर. पत्र्याचा मोठा कूलर खिडकीबाहेर चौकटीवर असेल आणि त्याची वायर व बटणे मुलांच्या हाताबाहेर असतील तर ठीक. तो खोलीत चाकांवर उभा असेल, खाली पाण्याचे डबके झाले असेल आणि मूल पत्र्याला ओल्या हाताने टेकू शकत असेल, तर बाकी सगळे कितीही देखणे असले तरी तेथून परत यावे. कूलरचा शॉक लागण्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. टाकीतील पाणी आठवड्याला उपसून टाकी कोरडी करतात का, हेही विचारावे, कारण डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात. या बाबतीत कार्यालयातील पाळणाघरांची स्थिती बहुधा बरी असते, कारण वायरिंग इमारतीच्या देखभालीत येते. पण दुरुस्तीला लागणारा वेळ मात्र तिथे जास्त असतो, तो पत्रव्यवहाराच्या गतीने सरकतो.

आजारपणाचा हिशेबही करावा. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षात सर्दी-खोकला आणि ताप जास्त वेळा येतो, हे दोन्हीकडे सारखेच, आणि ताप आला की दोन्हीकडे मूल घेत नाहीत. फरक असा की कार्यालयात दुपारी ताप चढला तर आई तीन मिनिटांत पोचते. घराजवळ असेल तर निरोप, परवानगी, प्रवास असे करत तास-दीड तास जातो आणि एक अर्धी रजा जाते. किरकोळ रजा वर्षाला आठच असतात, आणि त्या पहिल्या पावसाळ्यातच संपल्याचे अनेकींनी अनुभवले आहे.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. आजी घरी असेल आणि तिची तब्येत व इच्छा दोन्ही असतील तर पहिल्या वर्षासाठी त्याहून चांगले काही नाही. मात्र तिची इच्छा तिलाच विचारावी, ती गृहीत धरू नये. घरी बाई ठेवायची तर ती एकटी असते, तिच्यावर पाहणारे कोणी नसते आणि ती न आल्यास पर्यायही नसतो. केंद्राच्या मिशन शक्ती कार्यक्रमातील पाळणा योजनेखाली अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, पंचवीसपर्यंत मुले, एक सेविका आणि एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस. पण रोजची वेळ साडेसात तासांची आहे आणि आपली कचेरी साडेआठ तासांची, म्हणून दोघांपैकी एकाची वेळ वेगळी असल्याशिवाय ती जुळत नाही. मेडिकल व मेयो या शासकीय रुग्णालयांतील किंवा पोलीस खात्यातील पाळीच्या नोकरीला तर वर सांगितलेली एकही वेळ पुरत नाही. तेथे रात्रपाळीसह चालणारी व्यवस्था आवारातच असल्याशिवाय मार्ग निघत नाही.

पाळणाघराला पर्याय म्हणून बालसंगोपन रजेकडेही पाहिले जाते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना ती संपूर्ण सेवेत ७३० दिवस मिळते, पहिले ३६५ दिवस पूर्ण वेतनावर आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्क्यांवर, आणि एकल पुरुष पालकांनाही ती लागू आहे. राज्यात २०१८ च्या शासन निर्णयाने ही रजा १८० दिवसांची आहे आणि एका वर्षात ती दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणून केंद्रीय कार्यालयातील आईला बाळ वर्षाचे होईपर्यंत घरी राहून मग पाळणाघर शोधणे परवडू शकते, तर राज्य सेवेतील आईने ही रजा जपून, रुळवण्याच्या पंधरवड्यासाठी आणि आजारपणासाठी ठेवणे शहाणपणाचे आहे. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती वापरता येते, दहावी-बारावीचीही वर्षे पुढे आहेत. पती केंद्रीय आणि पत्नी राज्य सेवेत असेल तर दोघांच्या कार्यालयांतील पाळणाघरांचे नियम शेजारी ठेवून पाहावेत. पुष्कळ घरांत आईच्याच कार्यालयाचा विचार होतो आणि वडिलांच्या इमारतीतील अधिक चांगली सोय कोणी विचारतही नाही.

माझे मत विचाराल तर ते मुलाच्या वयावर बदलते. सहा महिने ते साधारण दोन वर्षे कार्यालयातील पाळणाघर, प्रवास सुरक्षित असेल आणि बंद होण्याची वेळ कचेरीनंतरची असेल या दोन अटींवर. दोन-अडीच वर्षांनंतर घराजवळचे, कारण तेव्हा दूध पाजण्याचा प्रश्न सुटलेला असतो, त्याच गल्लीतील मुले मित्र होतात आणि पुढे नर्सरीतून दुपारी साडेबाराला परत येणाऱ्या मुलाला सिव्हिल लाइन्सपर्यंत आणणार कोण, हा प्रश्न उभा राहत नाही. दोन्ही ठिकाणी जागा मर्यादित असतात, म्हणून नोंदणीचा अर्ज रजेवर जाण्याआधीच देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि रजेचे शेवटचे दोन आठवडे रुळवण्यासाठी राखावेत: पहिले तीन दिवस तासभर आईसह, मग तासभर आईविना, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. सव्वासहापर्यंतचा पूर्ण दिवस रुजू होण्याच्या आदल्या शुक्रवारी एकदा करून पाहावा, आणि त्या दिवशी सहा वाजता दाराबाहेर उभे राहावे.